दुखतंय बेंबीशी, आजार अपेंडिक्सचा: पोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्या समजून घेताना

तुमच्या भाच्याचं सगळं वेळेत झालं हे वाचून बरं वाटलं. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. चाळीसगाव तालुक्यातलं गाव, १७ वर्षांचा मुलगा, संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखायला लागलं. घरात सगळ्यांचं एकमत झालं की बेंबी सरकली. तेल लावून पोट चोळलं, ओवा-पादेलोण दिलं. पहाटे उलटी झाली आणि उजाडेपर्यंत दुखणं उजवीकडे खाली उतरलं. दुपारी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आत थोडा पू निघाला. आता तुम्ही विचारताय की अपेंडिक्स उजवीकडे असतं, मग रात्री बेंबीशी काय दुखत होतं? चोळल्यामुळे काही सरकलं का? आणि ऑपरेशननंतर डॉक्टर सारखे ‘वारा सरला का’ हेच का विचारत होते?

रात्री बेंबीशी दुखत होतं तेही अपेंडिक्सच, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेली छोटी बंद पिशवी. ते जागचं हललं नव्हतं. बदलली ती दुखणं मेंदूपर्यंत नेणारी नस. हे नीट कळलं की पोटदुखीबद्दलच्या निम्म्या गैरसमजुती आपोआप गळून पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या पोटात दोन वेगळ्या प्रकारच्या नसा आहेत. पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम. भिंतीला चिकटलेल्या या अस्तराला त्याच नसा पुरवठा करतात ज्या वरच्या कातडीला आणि स्नायूंना करतात. त्यामुळे तिथे काही झोंबलं तर माणूस एका बोटाने जागा दाखवतो. आतड्याचं तसं नाही. आतड्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा विरळ असतात, दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात आणि एकेक नस आतड्याचा मोठा पट्टा सांभाळते. मेंदूला एवढंच कळतं की मधल्या रेषेत, अमुक उंचीवर काहीतरी बिनसलंय. म्हणून आतड्याचं दुखणं खोल, मुरडल्यासारखं, मोघम असतं. त्यासोबत मळमळ, घाम, अस्वस्थपणा येतो.

आतड्याला कापलेलं कळत नाही, भाजलेलंही कळत नाही. त्याला कळतो तो ताण, फुगवटा, जोराचा आवळ, सूज आणि रक्त न मिळणं. कमरेत इंजेक्शन देऊन अपेंडिक्सचं ऑपरेशन करताना हे आम्हाला नेहमी दिसतं. चीर घेताना रुग्ण शांत असतो, गप्पा मारतो. पण आतड्याचं टोक वर ओढून घेतलं की लगेच म्हणतो, “साहेब, पोटात कसंतरी व्हायला लागलं, मळमळतंय.” हात दाखवतो तो बेंबीच्या वर, आम्ही काम करतो त्या जागेवर नाही. चेहऱ्यावर घामाचे थेंब येतात, नाडी मंदावते. ओढ सैल केली की क्षणात बरं वाटतं. कमरेच्या इंजेक्शनने पोटाची भिंत बधिर झालेली असते, पण व्हेगस नावाची नस डोक्यातून निघून मानेतून, छातीतून पोटात उतरते. ती त्या इंजेक्शनच्या कक्षेत येतच नाही.

मग बेंबीच का? याचं उत्तर गर्भात आहे. सुरुवातीला आपलं सगळं आतडं ही मधल्या रेषेतली एक सरळ नळी असते. तिचे तीन भाग, आणि प्रत्येक भागाला महाधमनीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतून, समोरच्या बाजूला निघणारी एकेक रक्तवाहिनी. पहिली सीलियाक, बाराव्या छातीच्या मणक्याच्या पातळीवर. ती अन्ननलिकेचा खालचा भाग, जठर, ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याचा) पहिला अर्धा भाग, यकृत, पित्ताशय, प्लीहा आणि स्वादुपिंडाचा बराच भाग सांभाळते. दुसरी सुपीरियर मेसेंटेरिक, कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी. तिच्याकडे उरलेलं ड्युओडेनम, सगळं लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा आडव्या भागाच्या दोन तृतीयांशापर्यंतचा हिस्सा. तिसरी इन्फीरियर मेसेंटेरिक, कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी, तिथून पुढे गुदाशयाच्या वरच्या भागापर्यंत.

संवेदनांच्या नसा या रक्तवाहिन्यांच्याच अंगाने माघारी मज्जारज्जूकडे जातात. त्यामुळे पहिल्या भागाचं दुखणं छातीच्या हाडाखाली, दुसऱ्याचं बेंबीभोवती आणि तिसऱ्याचं ओटीपोटात जाणवतं. मधल्या भागाच्या नसा छातीच्या दहाव्या मज्जातंतूच्या आसपास पोचतात आणि बेंबीभोवतालच्या कातडीची नसही तीच, दहावी. मेंदूला कातडीची ओळख आयुष्यभराची, आतड्याची जवळजवळ नाहीच. तो दुखणं बेंबीच्या नावावर टाकतो.

मधला भाग गर्भात मोठी फेरी मारतो. साधारण सहाव्या आठवड्यात पोटात जागा पुरत नाही म्हणून हे आतडं नाळेत उतरतं, वाढतं आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत येतं. या सगळ्यात ते आपल्या रक्तवाहिनीभोवती २७० अंश फिरतं. म्हणून अपेंडिक्स शेवटी उजवीकडे खाली जाऊन बसतं. पण त्याची नस आणि रक्तवाहिनी जन्माआधीचीच राहते. भाच्याला रात्री बेंबीशी दुखलं ते या जुन्या नात्यामुळे. अपेंडिक्सच्या तोंडाशी मळाचा खडा अडकतो किंवा तिथली गाठ सुजते, आतला स्राव बाहेर पडत नाही, पिशवी फुगते, आणि हा ताण मधल्या भागाची नस सांगते: बेंबी.

पुढे आठ-दहा तासांत, कधी जरा जास्त वेळात, सूज अपेंडिक्सच्या बाहेरच्या आवरणापर्यंत येते आणि ते भिंतीच्या अस्तराला टेकतं. आता बोलायला लागते दुसरी नस, जिला जागा अचूक कळते. त्या क्षणापासून रुग्ण पंजाऐवजी बोट वापरतो. हा फरक मी फार मोलाचा मानतो. ओपीडीत मी आधी विचारतो, “कुठे दुखतंय, हाताने दाखव.” अख्खा तळहात बेंबीवर गोल फिरला तर दुखणं अजून आतड्याच्या नसेवर आहे. एक बोट उजवीकडे खाली टेकलं तर अस्तराला झळ पोचली आहे. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही बोटाची जागा लिहून ठेवली: बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर. दुसरा प्रश्न विचारतो तो रस्त्याबद्दल. गावाहून येताना गाडी गतिरोधकावर आपटली तेव्हा कळ आली का? आली असेल, खोकल्यावरही तिथेच कळ येत असेल, तर पोटाचं अस्तर हलल्यावर दुखतंय, आणि मी सोनोग्राफीचा कागद येण्याआधीच सावध होतो.

सगळ्यांचं दुखणं असं शहाण्यासारखं चालत नाही. अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेलं असेल तर पुढून दाबल्यावर फारसं दुखत नाही, पाठीत आणि कमरेत दुखतं, मांडी मागे ताणली की कळ येते. ते खाली ओटीपोटात लोंबत असेल तर जुलाब होतात, लघवीला जळजळतं, आणि रुग्ण मुतखड्याचं नाहीतर जुलाबाचं औषध घेत बसतो. गरोदर बाईत गर्भाशय वाढल्याने ते वर ढकललं जातं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं तर ठरलेल्या वाटेने जातीलच असं नाही.

आता रक्ताकडे येऊ, कारण अपेंडिक्सचा खरा धोका तिथे आहे. त्याला येणारी धमनी ही इलिओकोलिक धमनीची एक बारीक फांदी. तिला दुसऱ्या बाजूने आधार देणारी जोडवाहिनी नसल्यातच जमा. पिशवी फुगली, भिंत सुजली की आधी शिरा दबतात, मग धमनी बंद पडते आणि टोकाकडचा भाग काळा पडून सडतो. गंमत नाही, इथेच बरेच जण फसतात: भिंत मेली की तिची नसही मेलेली असते, पिशवी फुटून ताणही निघून जातो. त्यामुळे काही तास दुखणं चक्क कमी होतं. घरचे म्हणतात, “आता बरं आहे, उद्या पाहू.” नंतर सगळं पोट लाकडासारखं कडक होतं. दिवसभर वाढत गेलेलं दुखणं काही उपचार नसताना एकाएकी थांबलं आणि ताप किंवा नाडी वाढलेलीच असेल, तर त्याला बरं वाटणं समजू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चोळल्याने दुखणं सरकलं नाही, ते आपल्या ठरलेल्या क्रमाने गेलं. पण सुजलेल्या पोटाला रगडणं धोक्याचंच, आणि त्याहून धोक्याचं एरंडेल किंवा जुलाबाची गोळी. तोंड बंद झालेल्या पिशवीशेजारचं आतडं जोराने हलवायला लावलं तर ती फुटायला मदतच होते. बेंबीवर बोट ठेवून उडणारी नाडी शोधणं आणि ती ‘जागेवर आणणं’ ही आपल्याकडची जुनी रीत. ती उडी असते मणक्यासमोरच्या महाधमनीची, आणि बारीक माणसात ती सगळ्यांनाच लागते. गॅस किंवा साधी मुरड असेल तर चोळून बरं वाटतं, कारण तो त्रास असाही काही तासांत जाणारा असतो. म्हणून या रीतीवर लोकांचा विश्वास बसला, आणि मला त्या माणसांचा राग येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बेंबीभोवतालचं दुखणं सहा तासांहून जास्त टिकलं, उलटी झाली, भूक मेली, तर चोळणाऱ्याकडे न जाता पोट तपासणाऱ्याकडे जा. दवाखान्यात वेदनाशामक दिल्याने निदान बुडतं हीही जुनी भीती आहे, ती आता मागे पडली. बुडतं ते घरी इंजेक्शन टोचून दोन दिवस काढल्याने.

रक्तपुरवठ्याची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती वयस्कर माणसांच्या जिवावर बेतते. मोठ्या आतड्याला कडेने एक सलग धमनी जाते आणि सुपीरियर व इन्फीरियर मेसेंटेरिक या दोन वाहिन्यांना जोडते. पण डाव्या बरगडीखालच्या वळणावर, प्लीहेजवळ, हा जोड कित्येकांत अगदी बारीक असतो. गिरणेच्या पाटावर शेपटाकडच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच इथे: धरण भरलेलं असलं की पाणी पोचतं, आवर्तन कमी झालं की सगळ्यात आधी याचंच शेत कोरडं. उन्हाळ्यात जुलाबांनी पाणी कमी झालं, रक्तदाब घसरला, हृदय अशक्त असलं तर त्या वळणावरचं आतडं उपाशी राहतं. डाव्या बाजूला दुखून शौचातून रक्त जातं आणि घरचे ते मूळव्याध समजतात.

त्याहून भयंकर म्हणजे सुपीरियर मेसेंटेरिक धमनीत गुठळी अडकणं. ही धमनी महाधमनीतून अरुंद कोनात, खालच्या दिशेने निघते, त्यामुळे हृदयातून सुटलेली गुठळी सहज तिच्यात उतरते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत अशा साठीच्या पुढच्या माणसाला एकाएकी असह्य पोटदुखी सुरू होते, उलटी किंवा शौचाला होतं, आणि तपासणाऱ्याच्या हाताला मात्र पोट मऊ लागतं. माणूस तळमळतोय आणि पोट मऊ, ही विसंगतीच निदान आहे. आतड्याला रक्त मिळालं नाही की साधारण सहा तासांत ते कायमचं जाऊ लागतं. या वेळी ‘गॅस झालाय’ म्हणून सलाईन लावून थांबणं परवडत नाही, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन लागतो.

आतड्यातून परतणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश याच वाटेने येतं. याच वाटेने मोठ्या आतड्यातला अमीबा यकृतात चढतो आणि गळू होतं, बहुतेक वेळा उजव्या भागात. दारू पिणाऱ्या तरुण पुरुषांत आम्हाला ते जास्त दिसतं. त्याचा रुग्ण पुष्कळदा उजव्या खांद्याची तक्रार घेऊन येतो, कारण यकृताच्या डोक्यावरच्या श्वासपटलाची नस मानेतून येते, तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंतून, आणि खांद्याची कातडीही त्याच मुळांवर. खांद्याला मलम चोळून आठवडा घालवलेले रुग्ण आले की वाईट वाटतं.

आता पोटदुखीच्या नावाखाली येणाऱ्या, पण पोटाच्या नसलेल्या गोष्टी. आपल्या भागात हे माहीत असणं फार गरजेचं आहे. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, तोंडाला लाळ, घाम, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आतड्याला हलवणाऱ्या नसा अ‍ॅसिटाइलकोलीन नावाचं द्रव्य सोडतात, आणि काम झालं की एक एन्झाइम ते मोडून टाकतं. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं हे एन्झाइमच बांधून ठेवतात. आतडं थांबायचं नाव घेत नाही, फुप्फुसातही स्राव भरतो. यावर मुरड्याची गोळी नाही, कपडे बदलून अंग धुवून तातडीने दवाखाना आणि अ‍ॅट्रोपिन.

पावसाळ्यात केळीच्या किंवा कपाशीच्या शेतात जमिनीवर झोपलेला माणूस मध्यरात्री पोट धरून उठला, “पोट दुखस” एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने पापण्या जड व्हायला लागल्या, गिळता येईना, तर मण्यार चावल्याचा संशय आधी घ्या. तिचे दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, सूजही येत नाही. अशा वेळी पोटाचं इंजेक्शन घेऊन घरी परतणं म्हणजे श्वास बंद पडण्याची वाट पाहणं.

नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यात, सिकलसेल पुष्कळ आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक वाहिन्या अडवतात आणि पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स किंवा फुटलेलं जठर वाटावं. तरुण रुग्ण, डोळे पिवळसर, हातपायही दुखतात, पूर्वी असंच झालेलं, अशी कहाणी असेल तर चाकू उचलण्याआधी सिकलसेलची तपासणी मी करून घेतोच. पण याच रुग्णांना लहान वयात पित्ताचे खडेही होतात, तेव्हा ‘सिकलसेल आहे ना, मग तेच असेल’ असं म्हणून पोट न तपासणंही चूक. आणि पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या माणसाच्या छातीच्या हाडाखालच्या दुखण्याला शेवभाजी बाधली म्हणण्याआधी एक ईसीजी काढाच. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पुष्कळदा तिथेच जाणवतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, वारा सरण्याचा. आतड्याच्या भिंतीतच नसांची दोन जाळी असतात. स्नायूंच्या दोन थरांमधलं आउअरबाखचं, आणि आतल्या अस्तराखालचं माइसनरचं. मिळून कोट्यवधी पेशी. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये दाखवलं की बाहेरच्या नसा तोडल्या तरी आतड्यात घास घातल्यावर त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल होतो. म्हणजे ढकलण्याचा कारभार आतडं स्वतःच चालवतं. व्हेगस त्याला चालना देते, सिम्पथेटिक नसा लगाम घालतात. या जाळ्यातल्या पेशी नसल्या तर काय होतं ते हर्षस्प्रुंगच्या आजारात दिसतं: सुमारे ५००० बाळांत एकाला, गुदद्वाराकडून वर काही अंतरापर्यंत, या पेशीच नसतात. तो भाग आवळलेलाच राहतो आणि वरचं आतडं फुगत जातं. जन्मानंतर ४८ तासांत बाळाने काळी शी केली नाही तर बेंबीला हिंग लावत बसू नका, बालशल्यचिकित्सकाला दाखवा.

पोट उघडलं, आतड्याला हात लागला, आत पू असला की सिम्पथेटिक नसा लगाम खेचतात आणि आतडं काही काळ स्तब्ध होतं. लहान आतडं लवकर जागं होतं, बहुधा २४ तासांच्या आत. जठराला एक-दोन दिवस लागतात. सगळ्यात उशिरा मोठं आतडं, दोन ते तीन दिवसांनी. वारा सरणं म्हणजे शेवटचा टप्पाही चालू झाल्याची पावती. तुमच्या भाच्याला पू होता म्हणून डॉक्टरांनी तिची वाट पाहिली. साधं अपेंडिक्स दुर्बिणीने काढलेल्यांना आम्ही हल्ली काही तासांत पाणी आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पातळ भात देतो, वाऱ्यासाठी अडून राहत नाही. त्याला लवकर उठवून चालवलं असेल ते मुख्यतः फुप्फुसं मोकळी राहावीत आणि पायाच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून.

आता घरी आल्यावर पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, किंवा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा ताप येऊन ओटीपोटात जडपणा आणि सारखी शौचाची भावना झाली, तर ओटीपोटात पू साठला असण्याची शक्यता धरून लगेच त्याच सर्जनकडे न्या. बाकी भाकरी-वरण, भाजी त्याला सोसेल तशी द्या. तिखट आठवडाभर थोडं कमी ठेवलं तर पुरे. अपेंडिक्स नसल्याने आयुष्यभराचं कुठलंही पथ्य लागत नाही.